मिस्त्रींचं वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. दुकानातला नव्हे, दवाखान्यातला. कर्करोगाच्या विभागात, सिस्टरांच्या टेबलाशेजारी भिंतीला पाठ लावून उभा असतो. नवा होतो तेव्हा माझी काच चकचकीत होती. आता रंगाचे पोपडे उडालेत आणि येणारे-जाणारे मला सर्रास धक्के देतात. तरी मी कधी खोटं बोललो नाही, असं मोठ्या तोऱ्यात म्हणत असे. तो तोरा एका मिस्त्रींनी उतरवला.

इथे माझ्या आकड्याला मान आहे, कारण इथली बरीच औषधं सगळ्यांना एकाच मापाने देत नाहीत. उंची आणि वजन बघून मात्रा ठरवतात. कमी पडली तर रोगाचं फावतं, जास्त झाली तर शरीराला सोसत नाही.

मिस्त्री आयुष्यभर भिंती बांधत आलेले. घशात गाठ निघाली. सोबत मुलगी होती. डॉक्टरीणबाईंनी कागदावर घसा काढून दोन उपाय समजावले. एक म्हणजे ऑपरेशन करून स्वरयंत्र काढायचं. दुसरा म्हणजे सात आठवडे किरणोपचार आणि दर आठवड्याला शिरेतून औषध. त्यात आवाज वाचायची आशा होती, पण गिळताना हाल होणार होते.

"परांचीवरून हाका माराव्या लागतात मला," मिस्त्री म्हणाले. "आवाज ठेवा."

"ठीक आहे. खाणं जमेनासं झालं, वजन घटलं, तर नाकातून नळी घालू," बाई म्हणाल्या.

नळीचं नाव ऐकून मिस्त्रींनी नुसती मान हलवली. मुलीला वाटलं, ऐकून घेतायत.

दर सोमवारी ते त्याच जुन्या कोटात माझ्यावर उभे राहायचे. तोंड आलेलं, घास उतरत नव्हता, गाल बसत चालले होते. वजन मात्र पहिल्या दिवसाइतकंच. सिस्टर कौतुक करायच्या आणि मीही फुशारायचो. माणूस उभा राहिला की त्याच्या श्वासाबरोबर माझा काटा किंचित हलतो. मिस्त्रींच्या वेळी तो जडच हलायचा. मला ते जाणवलं होतं, पण मला तोंड कुठे आहे?

पाचव्या आठवड्यात किरणांच्या खोलीतले तंत्रज्ञ स्वतः आले. किरणं नेमक्या जागी पडावीत म्हणून रुग्णाच्या चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा करतात.

"सिस्टर, यांचा मुखवटा ढिला झालाय. गालापाशी माझं बोट आत जातंय."

"वजन तर तेवढंच आहे," सिस्टर म्हणाल्या.

"मग काटा बिघडला असेल."

माझ्या जिव्हारी लागलं. सिस्टर स्वतः माझ्यावर चढल्या. "माझं बरोबर दाखवतोय. नको तितकं बरोबर."

मुलगी कधीची वडिलांकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, कोट काढा."

आतल्या खिशांतून एकेक वस्तू टेबलावर आली. सळईचे तुकडे, हातोडीचं डोकं आणि पितळी ओळंबा, ज्याची दोरी सोडून ते भिंत सरळ आहे का बघत. दर सोमवारी ते आधी सिमेंटच्या दुकानातल्या काट्यावर वजन करायचे, आणि घटलं असेल तेवढं लोखंड खिशात भरायचे.

"मिस्त्री, भिंत कलली तर ओळंबा खिशात घालता का?" सिस्टरांनी विचारलं.

"थोरल्या भावाला अशीच नळी घातली," मिस्त्री घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आठव्या दिवशी गेला."

"मला सांगायचं ना," मुलगी म्हणाली.

"तू रडली असतीस."

"मग आता काय हसतेय मी?"

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की नळीने माणूस जात नाही, त्यांच्या भावाला ती फार उशिरा मिळाली असावी. पण औषधाची मात्रा त्या खोट्या वजनावर ठरत राहिली होती. मूत्रपिंडांचा रिपोर्ट बिघडला होता. औषध बंद करावं लागलं. नवा मुखवटा होईपर्यंत किरणं चार दिवस थांबली. "हा खाडा पडायला नको होता. तेवढ्यात रोगाला सावरायला वाव मिळतो," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, मी त्या आकड्यांत एक ग्रॅमही खोटं सांगितलं नव्हतं. तरी तो सल जात नाही.

उपचारांच्या शेवटच्या दिवशी मिस्त्री नाकात नळी घेऊन आले. त्यांनी कोट मुलीच्या हातात दिला आणि माझ्यावर उभे राहिले. पाच किलो कमी. "लिहा," ते म्हणाले. आवाज जेमतेम फुटला.

रोग हटला की नाही, ते तीन महिन्यांनी तपासल्यावर कळणार होतं. म्हणून सांगतो, कधी माझ्यासारख्यावर उभं राहायची वेळ आली, तर खिसे रिकामे करा. आणि ज्याची भीती वाटते, ते पहिल्याच दिवशी विचारून टाका. ते ओझं मला दाखवता येत नाही.

आज मिस्त्रींच्या त्या तपासणीची तारीख आहे. सिस्टरांनी मला पुसून काटा शून्यावर आणून ठेवलाय. मिस्त्रींची हाक ऐकू येते का, म्हणून माझं सगळं लक्ष दाराकडे आहे.