पहिला घटक

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. लिहिलं पुष्कळदा, पाकिटापर्यंत एकदाही गेलं नाही. ग्रंथालयातली माझी सहकारी बऱ्याच वर्षांपूर्वी दुसऱ्या विद्यापीठात गेली, तिथून तिने लिहिलं होतं, "इथे पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करायचाय. अर्धा तुम्ही लिहा, अर्धा मी. येताय ना?" आपल्यासारख्या पुस्तकी किड्याचं तिथे काय काम, असं मला वाटलं. पण तिच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं की उगाच राग यायचा.

मागच्या महिन्यात ग्रंथालयशास्त्र विभागाची प्रमुख घरी आली. माझीच विद्यार्थिनी.

"सर, डिजिटल काळातल्या माहिती प्रणालींचा अभ्यासक्रम बसवतोय. डेटाबेस, शोधयंत्रं, गोपनीयता आम्ही बघतो. पहिला घटक तुम्ही लिहा. समोरच्याला नेमकं काय हवंय, ते ओळखायचं कसं?"

मी हो म्हणालो आणि अडकलो.

ग्रंथालयात ती पत्रवाली आणि मी एका टेबलाशी बसायचो. पुस्तकं मी शोधायचो. माणसांशी ती बोलायची. एकदा एका गृहस्थांनी हृदयविकारावरचं जाडजूड पुस्तक मागितलं. मी लगेच शिडी चढलो. ती म्हणाली, "बसा हो काका. घरात कोण आजारी आहे?" गृहस्थ रडायलाच लागले. डॉक्टरांना उद्या काय विचारायचं, तेवढंच त्यांना हवं होतं. तिने शेजारी बसून चार प्रश्न लिहून दिले. मी पुस्तक धरून शिडीवरच उभा.

आठवडाभर कागद कोरा राहिला.

"दादा, अंडी उबवतोयस का त्या कागदावर?" धाकट्या बहिणीने विचारलं.

"हे मला येत नाही गं. हे तिचं काम."

"मग विचार की तिला! लोकांच्या जिभेला हाड नसतं, तुझ्या जिभेत नुसतं हाडच आहे."

"इतक्या वर्षांनी? कोणत्या तोंडाने विचारू?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

ती निवृत्त झाली असली तरी पत्रावरच्या त्याच पत्त्यावर एकटी राहते, हे मला ठाऊक होतं. कसं ठाऊक, ते बहिणीने विचारलं नाही.

मी लिहिलं, "उत्तराला फार उशीर झाला. अर्धा मी लिहितो. पहिला घटक मात्र तुमच्याशिवाय होणार नाही. याल का?"

पोस्टात खिडकीतल्या मुलीने पाकीट तराजूवर ठेवलं.

"साधं पाठवायचं की तातडीचं, आजोबा?"

"तातडीचं," मी म्हणालो.

तिने शिक्का मारून पाकीट मागच्या ढिगात टाकलं. रांगेतलं कोणीतरी खाकरलं, तेव्हा मी बाजूला झालो.