डावीकडे वळा

धाकू म्हात्रेंना रस्ते ठाऊक नव्हते, शेतं ठाऊक होती. मानपाड्यापासून थेट खाडीपलीकडे कोणतं खाचर कोणाचं, कोणत्या बांधावर बोर होती, मीठ आधी कोणत्या आगरात पडायचं, हे त्यांना डोळे मिटून सांगता येई. अडचण एवढीच, की त्या शेतांवर आता इमारती आणि गोदामं उभी होती आणि धाकू अजून बांधाबांधानेच गाडी हाकत होते. इतकी वर्षं निभावलं, कारण शेजारच्या सीटवर कलावती बसायची. पाट्या वाचायची, "आवो, इथून घ्या" म्हणायची आणि शिव्या खायची.

आषाढात कलावती गेली. त्यानंतर एका शनिवारी धाकू बहिणीकडे जायला निघाले ते सहा तास सापडले नाहीत. भिवंडीच्या पलीकडे हायवेच्या कडेला गाडीत बसून होते. देवेश जाऊन घेऊन आला आणि घरी येताच त्याने गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

"ताई, हा कोणाला तरी उडवेल एक दिवस," त्याने वर्तकनगरला बहिणीला, संचिताला, फोन केला. "आता मला बोलतो, ते रस्ता सांगणारं मशीन लावून दे. तूच बघ त्याच्याबरोबर जाऊन. मशीन लावून जमत असेल तर किल्ली त्याची. नायतर पितृपक्ष संपला की गाडी काढून टाकतो. तू बोलशील ते फायनल. माझ्याशी नुसता भांडतो तो."

संचिता हो म्हणाली. आईला जाऊन अडीच महिने झाले होते आणि त्या अडीच महिन्यांत वडिलांसाठी काही करता येईल असं पहिल्यांदाच कोणी सांगत होतं. बाबा आईवाचून वाट चुकतात, ही गोष्ट तिला हळवी वाटली होती. ऑफिसात एकदोघींना तिने ती सांगितलीही होती.

शनिवारी सकाळी देवेशने गाडी ठाण्याला आणून दिली, किल्ली संचिताच्या हातात ठेवली आणि तो कामाला निघून गेला. बापलेक वागळे इस्टेटमधल्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदार प्रफुल्ल नावाचा चाळिशीतला बोलका माणूस होता.

"काका, हे सगळं मोबाइलमध्ये फुकट मिळतं आता."

"माझा मोबाइल बटणांचा हाय. आणि फोन आला की नकाशा पळतो. पोराच्या गाडीत बघितलंय मी."

"मग दिवाळीपर्यंत थांबा. नवीन मॉडेल येतंय. तसंही पितृपक्षात कोण नवीन वस्तू घेतं?"

"दिवाळीपर्यंत माझी बहीण थांबेल का?" धाकू म्हणाले. "ऐंशीची हाय. खुब्याचं हाड मोडून पडलीय."

प्रफुल्लने तोडगा काढला. विकत घेऊ नका, नुसतं लावून बघा; सोमवारी एक तर परत आणा, नाहीतर सर्वपित्री झाली की पैसे द्या. त्याने काचेवर मशीन चिकटवलं, मराठी आवाज निवडला आणि संचिताने सखुबाई आत्याच्या गावाचं नाव घातलं. मशीनमधून एका बाईचा स्वच्छ, शांत आवाज आला.

"ही रागावते का?" धाकूंनी विचारलं.

"नाही हो काका."

"रस्ता चुकला तर तोंड पाडून बसते?"

"मशीन आहे ते. परत नवीन रस्ता सांगते."

"आणि घरी गेल्यावर पोरांना सांगत नाय?" धाकू खो खो हसले. "बायको करण्याआधी हे निघायला हवं होतं."

प्रफुल्लही हसला. संचिताने किल्ली बाबांच्या हातात दिली, ती आईच्या सीटवर बसली आणि तिने पट्टा लावला. म्हातारा माणूस आहे, दुःख असं वाकडं बाहेर पडतं, असं तिने मनाशी म्हटलं. ती अशा गोष्टी समजून घेणारी होती.

आणि खरं सांगायचं तर धाकूंनी गाडी उत्तम चालवली. माजिवड्याला मेट्रोच्या खांबांखालून, पत्र्यांच्या भिंतींमधून, कशेळीच्या पुलावरच्या कंटेनरांच्या रांगेतून. मशीन सांगेल तिथे ते वळत होते. दोनशे मीटर म्हणालं की वेग कमी करत. तोंडाने जुनी शेतं मोजत होते खरे, "हे पोशाचं, हे आपल्या मामाचं," पण चाक मशीनच्या हुकमात होतं. संचिता एक शब्दही बोलली नाही. बोलायची गरज नव्हती. माणकोलीच्या पुढे येईपर्यंत तिचा निर्णय झाला होता. किल्ली बाबांची. मशीनचे पैसेही आपणच देऊ, असं तिने ठरवलं होतं.

गोदामांच्या मागे एक फाटा आला. उजवीकडे कच्ची वाट जात होती, डावीकडे नवा सिमेंटचा रस्ता.

"डावीकडे वळा," मशीन म्हणालं.

धाकू डावीकडे वळले. मग थोडं पुढे गेल्यावर त्यांनी अंगठ्याने मागे दाखवलं.

"इथंच तुझ्या आयला उतरवली होती."

"कधी?"

"गेल्या साली. वैशाखात. उजवीकडं आपल्या आगराचा बांध होता, त्याच्यावरून सरळ सखूच्या दारात. ही आपली एकच धरून बसली, डावीकडं घ्या, डावीकडं घ्या. मी घेतली उजवीकडं. पुढं गोदामाची भिंत. बांध खाल्ला या गोदामवाल्यांनी. परत वळवताना गाडी घासली, तर बोलते कशी, मी सांगत होते ना? बोललो, उतर. तुला एवढा रस्ता कळतो ना, मग चालत ये."

संचिताने समोर बघतच म्हटलं, "म्हणजे आई बरोबर होती."

"डावीकडंच होता रस्ता. आता ही पण तेच बोलली ना."

"हिचं ऐकलंस."

"हे मशीन हाय गं. बायकोचं ऐकून गाडी वळवायची का?" ते पुन्हा हसले. "आली चालत. तासाभरानं. चपला गाडीतच राहिल्या होत्या तिच्या. मांडी घालून बसायची सवय ना सीटवर. सखूच्या दारात गेल्यावर बघितल्या मी."

रस्ता सरळ होता आणि मशीन गप्प होतं.

गेल्या वैशाखात आईचे दोन्ही तळवे भाजले होते. आई म्हणाली, नवस होता, देवीला अनवाणी गेले. साखरेच्या आजारात कसले नवस करतेस, म्हणून संचिता तिच्यावर चिडली होती. डॉक्टरांसमोर म्हणाली होती, "आमची आई अडाणी आहे हो." आई त्यावर मान खाली घालून हसली होती. उजव्या पायाचा फोड भरला नाही. दिवाळीत अंगठा काढला. होळीनंतर पाऊल काढलं. आषाढात विष रक्तात गेलं.

"बाबा," संचिता म्हणाली, "आईच्या पायाला काय झालं होतं, आठवतं?"

"साखर होती तिला," धाकू म्हणाले. "गोड सोडवत नव्हतं. मी किती सांगायचो." त्यांनी आरशात बघून मागच्या ट्रकला वाट दिली. अगदी नीट, वेळेवर दिली.

तिला वाटलं होतं ते लपवत असतील. ते काहीच लपवत नव्हते.

सखुबाई आत्या पडवीतल्या खाटेवर होती. घरातली माणसं जेवणाचं ताट ठेवून आपापल्या कामाला गेलेली. धाकूला बघताच तिचा चेहरा उजळला. लहानपणी आई वारल्यावर याच थोरल्या बहिणीने धाकूला कडेवर घेऊन मीठ ओढलं होतं. धाकूंनी हात धुतले, कालवणात भाकरी कुस्करली आणि एकेक घास तिच्या तोंडात घालू लागले. घास मोठा झाला की अर्धा काढून घेत. हनुवटीवर ओघळलेलं स्वतःच्या रुमालाने पुसत.

"कला नाय आली?" आत्याने विचारलं. तिला सांगितलेलं राहत नसे.

"नाय," धाकू म्हणाले. "तू खा."

संचिताचा फोन वाजला. देवेश होता. पडवी छोटी होती. फोनवरचं सगळ्यांना ऐकू जात होतं.

"पोचलात? तू काय बोलतेस मग? जमतंय त्याला?"

धाकूंनी घास हातातच धरून मुलीकडे बघितलं आणि मान हलवली, सांग, म्हणून. शाळेत पहिला आलेल्या पोरासारखं त्यांचं तोंड झालं होतं.

"नाही," संचिता म्हणाली.

"नाही?"

"मशीन असूनही चुकतात. दोनदा वाट चुकले. एकदा ट्रकखाली गेलो असतो आम्ही."

"वाटलंच मला. तू चालवून आण परत. पितृपक्ष संपला की गिऱ्हाईक बोलावतो गाडीला."

फोन बंद झाला. धाकू उठून उभे राहिले.

"कुठं चुकलो मी?"

संचिताने फोन पर्समध्ये टाकला.

"संचू, कुठं चुकलो ते तरी सांग. ही बोलली तसाच आलो ना? बोलली तिथं वळलो. एक तरी वळण चुकवलं असेल तर दाखव." त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "खोटं का बोललीस गं?"

तिला सांगता आलं असतं. वाक्य एवढंसं होतं. पण ते सांगितलं असतं तर त्यांना कारण मिळालं असतं, आणि कारण मिळालं की माणूस त्याच्याशी भांडू शकतो, रडू शकतो, कधीतरी माफीही मागू शकतो. तिने हात पुढे केला.  धाकूंनी शर्टाच्या खिशातून किल्ली काढून तिच्या तळव्यावर ठेवली. त्यांच्या बोटांना कालवण लागलेलं होतं.

"मना हिच्याकडं कोण आणेल?" त्यांनी हळूच विचारलं.

"देवेशला वेळ असेल तेव्हा."

देवेशला वेळ नसतो हे दोघांनाही ठाऊक होतं. आत्या खाटेवरून एकीकडून दुसरीकडे बघत होती. तिला काही कळलेलं नव्हतं, एवढंच, की घास थांबला आहे.

"धाकू," ती म्हणाली, "पुढल्या शनवारी येशील ना रे?"

 धाकूंनी मुलीकडे बघितलं.

संचिता पुढे झाली. तिने आत्याच्या अंगावरची चादर सारखी केली, उशी नीट केली.

"येतील ना, आत्या," ती म्हणाली. "दर शनिवारी येतील. तू वाट बघ."