बिनतोंडाची गाडी

“तोंडं आणलीत ना?” दार उघडता उघडताच वहिनींनी विचारलं.

मास्तरांनी छातीशी धरलेला बुटांचा खोका थोडा वर करून दाखवला. तीन जिने चढून आल्यामुळे त्यांना बोलवत नव्हतं. खरं तर जिने नसते तरी बोलवलं नसतं. कंपाउंडर वारल्यापासून ते त्यांच्या या दाराशी फिरकले नव्हते, आणि आज आले होते ते निव्वळ स्वार्थानं. हे त्यांचं त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तर येताना बिस्किटांचा भला मोठा पुडा आणला होता.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत बरं का. त्यांनी उभा जन्म चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काचा घासण्यात घालवला. पण घरी एका जुन्या दरवाजाच्या फळीवर रूळ मांडून ते अंगठ्याएवढ्या रुंदीच्या जपानी गाड्या पळवायचे. त्यावरून गल्लीनं त्यांना ‘स्टेशनमास्तर’ केलं. पुढे स्टेशन गळून गेलं आणि नुसते मास्तर उरले.

कंपाउंडर त्यांच्या आयुष्यात आले ते चष्म्याची काडी मोडली म्हणून. काउंटरवर मास्तरांनी दुरुस्तीला काढलेला एक डबा पडला होता. तो उचलून डोळ्यांशी नेत कंपाउंडर म्हणाले, “जपानी ना ही? रोज कामावर जायची गाडी.” झालं! काडी राहिली बाजूला. दुकानाच्या मालकानं हाका मारून मारून घसा कोरडा केला, तरी दोघं हलले नाहीत. असं कुणी भेटतं का हो माणसाला? चाळिशी उलटल्यावर, आपल्यासारखंच खुळं?

दोघांचाही जीव एकाच गाडीत अडकला होता. चंदेरी रंगाची, हिरव्या पट्ट्याची, दहा डब्यांची. बुलेट ट्रेनचं कौतुक दोघांनाही नव्हतं. “तिच्यात बसून आपण कुठं जाणार आहोत? ही बघ, डबा खाऊन डुलकी काढणाऱ्यांची गाडी,” असं कंपाउंडर म्हणायचे. पण कंपनी ती गाडी विकायची दोन खोक्यांत. पहिल्या खोक्यात चार डबे. दोन्ही टोकांचे चालकाचे दोन, मोटरचा एक आणि त्याच्या जोडीचा एक. दुसऱ्या खोक्यात मधले सहा, आपले निमूट ओढले जाणारे. दोन्ही खोकी घेण्याची ऐपत दोघांपैकी एकाचीही नव्हती. तेव्हा मास्तरांनी पहिला खोका घेतला, कंपाउंडरांनी दुसरा. फळी मास्तरांकडे होती, म्हणून मोटर मास्तरांकडे, इतका सरळ हिशोब.

तेव्हापासून रविवार ठरलेला. जेवण उरकलं, की कंपाउंडर औषधाच्या खोक्यात कापसात गुंडाळलेले सहा डबे घेऊन यायचे. जोडीला दवाखान्यातली रिकामी पुठ्ठ्याची खोकी. त्यांना खिडक्या पाडून त्यांनी अख्खं शहर उभारलं होतं. खोकल्याच्या औषधाची इमारत सगळ्यांत उंच, तिच्याखाली चष्म्याच्या घरांचा फलाट. कड्या अडकवल्या, की दहा डब्यांची सबंध गाडी त्या शहरातून सळसळत निघायची आणि दोघं म्हातारे होईपर्यंत तिच्याकडे बघत बसले. अक्षरशः म्हातारे होईपर्यंत.

आता मास्तरांकडे उरले होते चार डबे. चार डब्यांची गाडीही धावते, नाही असं नाही. पण त्यांना ती बघवेना.

“अहो, मागून घ्या ना ते सहा डबे,” बायकोनं किती वेळा सांगितलं. “वहिनींना काय उपयोग त्यांचा?”

“मित्र गेला आणि मी डबे मागायला जाऊ? कुठल्या तोंडानं?”

पण हवे होते. फार हवे होते. भंगारवाला दिसला तरी ते त्याच्या हातगाडीत डोकावून बघायचे. आणि काल वहिनींचाच फोन आला. “मुलगा कपाट आवरायला येतोय, भावोजी. त्याआधी मला एकदा सबंध गाडी बघायचीय. तोंडं घेऊन या.”

तोंडं म्हणजे चालकाचे डबे, हे मास्तरांना फोन ठेवल्यावर कुठं उमगलं.

वहिनींनी स्वयंपाकघरातलं टेबल पुसून ठेवलं होतं. मास्तरांनी पिशवीतून रुळांचे तुकडे काढून गोल जुळवला, वायर जोडली. तोवर वहिनींनी औषधाचा खोका आणला आणि एकेक डबा कापसातून काढून मांडला. त्यांचा हात इतका सराईत चालला होता, की मास्तर बघतच राहिले.

“तुम्हाला बरं माहीत, कुठं धरायचं ते.”

“न माहीत असायला काय झालं? दर बुधवारी संध्याकाळी याच टेबलावर धावायची की.”

“धावायची? मोटरशिवाय?”

“बोटानं!” वहिनी हसल्या. “दवाखाना बंद असायचा ना बुधवारी. हे ढकलायचे आणि मी स्टेशनं सांगायची. शेगडी, मग साखरेची बरणी, मग खिडकी. खिडकीशी गाडी दोन मिनिटं थांबवायची, मला चहा ओतता यावा म्हणून. मी चिडवायची त्यांना, मागे डबा, पुढे डबा, ही कसली बिनतोंडाची गाडी आणलीत? तर म्हणायचे, तोंडं मास्तरकडे आहेत, एकदा आणतो. आणतो, आणतो म्हणत...” त्या थांबल्या. “नाही आणली ती नाहीच आणली.”

कंपाउंडरांनी बुधवारचं कधी चकार शब्दानं सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मास्तरांची समजूत, की ही गाडी दोघांची. एक शब्द टाकला असता तर तोंडं कधीच दिली असती! आणि खरंच दिली असती का, असं लगेच मनात आलं, तेव्हा ते खाली मान घालून चाकं पुसायला लागले.

“मला वाटायचं, तुमचा आमच्यावर राग आहे,” ते अखेर म्हणाले.

“होताच! अजून आहे. सगळे रविवार तुमच्या घशात गेले माझे.”

हे त्या इतक्या सहज म्हणाल्या, की मास्तरांना हसू आलं आणि डोळेही भरले. ते लपवायला त्यांनी डबे रुळावर लावायला घेतले. पुढे तोंडाचा डबा, मग मोटरचा, मग वहिनींच्या सहामधला छतावर तारेची दांडी असलेला.

“ओ, तो तिथं नाही,” वहिनी म्हणाल्या. “दांडीवाला शेवटून दुसरा.”

“नाही वहिनी. आम्ही तसा लावायचो खरा, पण ते चुकीचं होतं. सोबतचा कागद जपानी, आम्हाला कुठला वाचता येतोय? परवा मी खऱ्या गाडीचा फोटो पाहिला. दांडीवाला मोटरच्या मागेच लागतो.”

“म्हणजे वीस वर्षं चुकीची धावली?”

“वीस वर्षं.”

“मग आजही धावू दे,” वहिनींनी तो डबा उचलला आणि शेवटून दुसऱ्या जागी ठेवला. मास्तरांनी मुकाट कडी अडकवली.

टेबल लहान, गोल त्याहून लहान. दहा डबे लागले तेव्हा पुढचं तोंड मागच्या शेपटापासून थोडंच लांब उरलं. मास्तरांनी बटण हळू फिरवलं. गाडी जराशी अडखळली, मग निघाली. वहिनी खुर्ची ओढून बसल्या आणि हनुवटी टेबलावर टेकवून समोर बघू लागल्या. प्रत्येक फेरीला दोन बारके दिवे त्यांच्या चष्म्यात चमकून जात होते.

“थांबवा,” त्या एकदम म्हणाल्या.

तोंडाचा डबा बरोबर त्यांच्या नाकासमोर थांबला. त्या कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

“किती साधं आहे हो,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं होतं, इतकं लपवून ठेवलंय म्हणजे काहीतरी रुबाबदार असेल. हे तर यांच्यासारखंच आहे. कामावर निघालेलं.”

आणि मग त्या रडल्या. मोठ्यानं नाही, पण लपवलंही नाही. मास्तर उभेच होते. त्यांनी बिस्किटांचा पुडा फोडला आणि त्यांच्या पुढे सरकवला.

चहा झाल्यावर वहिनींनी पदरानं डोळे कोरडे केले आणि आपले सहा डबे एकेक करून कापसात गुंडाळले. औषधाचा खोका त्यांनी मास्तरांपुढे ठेवला.

“न्या.”

“वहिनी, मी त्यासाठी...”

“त्यासाठीच आलात. मला का दिसत नाही? खोकल्यासारखं गळ्याशी आलंय तुमच्या केव्हाचं. न्या भावोजी, मुलाला त्यातलं काही कळत नाही. आणि मी तरी आता बोटानं कुणासाठी ढकलू?”

घरून येताना मास्तरांनी वाटेत घोकलेली सगळी वाक्यं वाया गेली. मागावं लागलंच नाही. जे हवं होतं ते समोर आलं होतं, आणि त्यांना भयंकर लाज वाटली. सहा डबे पिशवीत घालून झाले. रूळ घातले. मग त्यांनी बुटांचा खोका उघडला, तोंडाच्या दोन डब्यांपैकी एक काढला, काचा घासायचा फडका घेऊन त्याची पुढची काच स्वच्छ पुसली आणि तो टेबलावर ठेवला.

“हे काय?”

“हा इथं राहू दे.”

“वेडे आहात का? तुमची गाडी अर्धवट होईल.”

“मोटर तोंडाच्या डब्यात नाही, वहिनी. तोंड नसलं तरी धावते.”

वहिनींनी तो डबा टेबलाच्या कडेपासून जरा आत सरकवला, पडू नये म्हणून.

रविवारी फळीवर गाडी लागली. नऊ डबे, दांडीवाला पूर्वीच्याच जागी. मास्तरांची बायको हात पुसत दाराशी आली, गाडी एक फेरी पुरी करेपर्यंत थांबली आणि म्हणाली, “अहो, मागचं तोंड?”

“वहिनींकडे आहे.”

“बरं केलंत,” ती म्हणाली आणि आत न जाता तिथंच वेताच्या मोड्यावर बसली.

गाडी खोकल्याच्या इमारतीखालून गेली. शेवटच्या डब्याचा उघडा कोरा पाठीमागचा भाग आणि त्याची रिकामी कडी वळणावर दिसली. पूर्वी दोघं गाडी फलाटावर आणून थांबवायचे, दिशेचं बटण पलीकडे करायचे आणि मागचं तोंड पुढे होऊन तीच गाडी उलट घराकडे निघायची. मास्तर उठले, टेबलाच्या खणातून चिकटपट्टी काढली आणि तिचा एक तुकडा फाडून त्यांनी दिशेच्या बटणावर नीट दाबून बसवला.