टायरचा कापूस

माझा भाऊ धम्मदीप हुशार आहे, हे मी कुणालाही सांगेन. फक्त ती हुशारी एकदा गाडीवर बसली की खाली उतरायचं नाव घेत नाही. त्या डिसेंबरात त्याला पुण्याच्या एका गॅरेजात काम लागलं. रेसच्या मोटारसायकली तयार करणारं गॅरेज. निघायला पंधरा दिवस होते, आणि तिथला त्याचा दोस्त अतुल याला तेवढंही थांबवेना. त्याने ट्रॅव्हल्सच्या टपावरून भेट पाठवली: रेसच्या गाडीचे दोन वापरलेले टायर.

मी तेव्हा आमच्या गावच्या उपकेंद्रात कंत्राटी नर्स होते. राळेगाव तालुक्यातली पाच गावं आणि एक तांडा माझ्याकडे. एसटी सकाळी एकदाच. लसीचा डबा मांडीवर घेऊन मी धम्मदीपच्या मागे बसायची आणि तो न्यायचा. आता तो पुण्याला गेल्यावर मला कोण नेणार? मीच मला नेणार, असं मी ठरवून टाकलं. गाडी मला येत होती, लायसन नव्हतं. शिकाऊ लायसनची मुदत शनिवारी संपत होती, आणि शुक्रवारी यवतमाळला परीक्षा होती. धम्मदीप रविवारी निघणार होता.

आमच्या आईने, म्हणजे नलूबाईने, फर्मान काढलं. "लायसन भेटलं तं गाडी शीलाची. नाई भेटलं तं पियुषले देऊन टाक. बिनलायसनची पोरगी मी रस्त्यावर सोडत नाई."

पियुष हा गावातल्याच किसनरावांचा मुलगा. रोज संध्याकाळी येऊन आमच्या गाडीभोवती दोन चकरा मारायचा, बाजारात बैलाचे दात पाहावेत तसा. त्याला पाहिलं की माझं डोकं फिरायचं. गाडी गेली म्हणजे नोकरी गेली, इतकं ते सरळ होतं. पायी पाच गावं कोण करणार?

आणि नेमकं अशा वेळी आमच्या धम्मदीपसाहेबांनी गाडीचे चांगले टायर काढून ते पुण्याचे चढवले. मऊ, काळे, जवळजवळ गुळगुळीत. नक्षी म्हणून दोन-चार रेघा, त्याही उपकार केल्यासारख्या.

"जुने कुठं हाये?" मी विचारलं.

"पियुषले देले."

मी तडक पियुषकडे गेले. तो गोड हसून म्हणाला, "शुक्रवारच्यानंतर पाहू ना, ताई."

सोमवारी सकाळी सात वाजता मी गाडी चालवत होते, धम्मदीप मागे. कडाक्याची थंडी. किसनरावांच्या वावराजवळ रस्ता वळतो. ना मी ब्रेक मारला, ना काही वेग होता. गाडी जागच्या जागी आडवी झाली आणि आम्ही दोघं पऱ्हाटीत, म्हणजे उभ्या कापसात. किसनराव धावत आले.

"पोरी, लागलं काय?"

"मले नाई काका. डबा पाहा, डबा."

लसी शाबूत होत्या. धम्मदीप अंगावरची माती न झटकता टायरवर हात ठेवून बसला होता. "थंडा हाये, ताई. हा टायर तापल्याबिगर रस्ता पकडत नाई. रेसच्या आधी याले ब्लँकेट गुंडाळून शेकतात."

"टायर हाये का बाळंतीण?" मी ओरडले. किसनराव इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पण ऐकेल तर तो माझा भाऊ कसला! शुक्रवारी पहाटे आईच्या गुडघ्यांना शेक द्यायच्या दोन विटा त्याने चुलीत तापवल्या, वाकळीत गुंडाळल्या आणि ती वाकळ चाकांना बांधली. वाकळीतून धूर निघाला तेव्हा आई बाहेर आली. पुढचं सगळं मी लिहीत नाही. शेवटचं वाक्य असं होतं, "माह्या मायच्या लुगड्याची वाकळ हाये ते, मुडद्या!"

खोटं कशाला बोलू, विटांनी काही फरक पडला नाही, पण कळंबच्या पुढे ऊन चढलं तशी गाडी रस्त्याला अशी धरून वळायला लागली की मला मजा आली. मनातल्या मनात मी त्या टायरची माफीसुद्धा मागितली. धम्मदीपला सांगितलं नाही. त्याला एवढं सांगितलं तर तो पुण्यापर्यंत तेच बोलत गेला असता.

परीक्षेच्या मैदानावर चुन्याने मोठा आठ आखला होता. त्याच्यावरून गाडी न्यायची, पाय टेकायचा नाही. पाय टेकला की नापास. माझा नंबर एकेचाळीस. माझ्या पुढे देवसिंग नावाचे एक गृहस्थ ट्रॅक्टरच्या लायसनसाठी आले होते आणि त्यांच्याबरोबर त्यांची बायको लालीबाई आणि तांड्यावरच्या तीन बाया. चौघी पाय पसरून गप्पा मारत बसल्या होत्या. आम्ही निंबाच्या सावलीत गाडी लावून दोन तास बसलो.

अडतिसावा नंबर पुकारला आणि धम्मदीपने टायरला हात लावला. "ताई, थंडा झाला! दोन चकरा मारून आणतो."

मी नाही म्हणेपर्यंत तो फाटकाबाहेर.

आता, ते कोणतं वर्ष आणि कोणता महिना, हे त्याने तरी लक्षात ठेवायला हवं होतं. कापसाच्या भावाने जिल्ह्याचं तोंड कडू केलं होतं. भाव वाढेल म्हणून लोकांनी कापूस घरात ठेवला होता, आणि वाढत नाही म्हटल्यावर सगळ्यांनी एकदमच बाहेर काढला होता. मैदानामागच्या जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीच्या रस्त्यावर गाड्यांची लांबच लांब रांग होती आणि गाड्यांतून गळलेला कापूस रस्त्याभर पसरला होता. धम्मदीपने तोच रस्ता निवडला, कारण त्याला वळणं होती. वळणांवर टायर लवकर तापतो म्हणे. तापला. तापून डिंकासारखा चिकट झाला आणि सगळा रस्ता त्याने गोळा करून आणला.

धम्मदीप परत आला तेव्हा गाडीला दोन पांढरी चाकं होती. जत्रेतल्या बुढ्ढी के बालसारखी. सगळं मैदान हसायला लागलं.

"एकेचाळीस!"

तपासणी करणाऱ्या साहेबांनी चष्मा काढून चाकांकडे पाहिलं. "बाई, ही घेऊन आठ काढणार?"

"पाच मिनिटं द्या, साहेब. आज नाही झालं तर माझी मुदत संपते."

ते भले होते. "पुढचे दोघं होऊ द्या. तोवर साफ करा."

मी खाली बसले आणि ओढायला लागले. कापूस तुटून हातात यायचा, बुडखा टायरला तसाच. धम्मदीपने स्क्रू-ड्रायव्हर काढला, त्याने आणखी आत घुसला. मला रडू आलं. हे लिहायला लाज कसली? मी मैदानात सगळ्यांसमोर रडले, आणि रडता रडता भावाला शिव्या दिल्या.

"सरक, बाई." लालीबाई माझ्या शेजारी उकिडवी बसली. "असा ओरबाडून कापूस निघते काय? बुडातून धर."

तिने पाच बोटांची चिमूट टायरला टेकवली, किंचित पीळ दिला आणि सरकीसकट सबंध पुंजका उचलला. मग दुसऱ्या हाताने दुसरा. दोन्ही हात एकाच वेळी चालत होते. सवयीने तिने पदराची ओटी बांधली होती, कापूस आपोआप तीत जात होता. बाकीच्या तिघीही उठून आल्या, दोघी पुढच्या चाकाला, एक मागे लालीबाईबरोबर. मीही डोळे पुसून तशीच चिमूट धरली. लहानपणी सुट्टीत मीसुद्धा वेचायला जायची, मग इतकं कसं विसरले कोण जाणे.

"फिरव बे चाक," लालीबाईने धम्मदीपला हुकूम केला. "हळू! तुह्या घाईनंच झालं ना हे?" मग माझ्याकडे वळली. "तू आमच्या तांड्याची नर्सबाई होय ना? माह्या सुनेले, रामीले, आठवा लागला. मांगच्या म्हयन्यात तू आलीच नाई."

माझी चिमूट थांबली. "गाडी नव्हती, मावशी. हा तापानं पडलता. हा गेल्यावर तं गाडीच राहणार नाई, लायसन नाई भेटलं तं."

"म्हणून तं वेचून राह्यली," ती म्हणाली, आणि तिचे हात आणखी भराभर चालायला लागले.

त्रेचाळीस नंबर वळणावर पाय टेकून बाहेर पडला. "एकेचाळीस," साहेबांनी हाक मारली. लालीबाईने शेवटचा पुंजका उचलला आणि टायरवर तळवा फिरवला. "जा. गरमच हाये अजून."

खरंच गरम होता. इतका वेळ कापसातच गुंडाळलेला होता ना! आईची वाकळ विनाकारण गेली.

मी गाडी चालू केली. पहिल्या वळणावर पऱ्हाटीतलं पडणं आठवलं. टायरने जमीन धरली. चुन्याची रेघ चाकाखाली राहिली, मधल्या फुलीवर गाडी सरळ झाली, दुसऱ्या वळणावर पुन्हा वाकली. पाय मी टेकला तो थेट साहेबांच्या पुढ्यात, गाडी थांबवल्यावर. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मान डोलावली. चौघी बायांनी टाळ्या पिटल्या. धम्मदीप इतका नाचला की देवसिंग म्हणाले, "पास कोण झालं?"

परतताना गाडी मी चालवली. गावाच्या फाट्यावर पियुष उभाच होता. मी गाडी थांबवून सांगितलं, "शुक्रवार झाला. माहे टायर आण."

शनिवारी जुने टायर चढले. रविवारी धम्मदीपला एसटीत बसवताना मला वाटलं होतं तसं हसू आलं नाही. इतकी वर्षं त्याच्या पाठीमागे बसून मी माझी नोकरी केली होती. तो खिडकीतून म्हणाला, "ताई, माहे टायर सांभाळजो." मी हो म्हटलं. आईने त्यातल्या एकात भुसा भरून खुडूक कोंबडी बसवली. एकवीस दिवस त्या टायरला हवी तशी ऊब मिळाली, अकरा पिल्लं निघाली.

तांड्यावर मी त्यानंतर दर महिन्याला गेले. फेब्रुवारीत रामीला मुलगी झाली. एप्रिलच्या सुरुवातीला, ऊन चटके देत असताना, मी पोरीला दीड महिन्याचा डोस द्यायला पोचले. लालीबाईने नात माझ्यापुढे आणून ठेवली. डोक्याखाली तळहाताएवढी उशी होती, लाल कापडाची, काठाला कवड्या लावलेली. एका कोपऱ्यातून काळपट कापूस डोकावत होता.

"वळखला काय?" लालीबाई म्हणाली. "तुह्याच टायरचा हाये. सरकी काढली, चार दिवस उन्हात घातला. काळा डाग काई गेला नाई."

मी त्या डागावरून बोट फिरवलं. मी सुई टोचली, पोरगी कळवळून रडली, आणि रामीने तिला उचलून छातीशी धरलं.

"पुढचा डोस कवा, बाई?" रामीने विचारलं. "येशीन ना?"

बाहेर बाभळीच्या सावलीत माझी गाडी उभी होती. मी तिकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "एका म्हयन्यानं. आन् मधात काई लागलं तं बोलावजो, मी येतो."