माठाखालची वाळू

"तुझीच पानं बरी फाटत नाहीत गं, चिमणे? चोरून कवळी पानं काढतेस का काय?" कुसाबाईनं सगळ्या बायकांसमोर विचारलं.

सदतीस सालचा उन्हाळा. नाशकात एका शेठच्या कारखान्यात वीस जणी विड्या वळायचो. पानं इतकी कडक झालेली, की एक पान वाऱ्यानं उडालं आणि दारातल्या बोकडाची दाढी सफाचट करून गेलं. हसा, पण बोकड मी पाहिलाय. पान चिरलं की विडी बाद. आणि चोरी सापडली की बाई घरी.

जैतुनबी आमची मुकादमीण, पंचवीस वर्षं विड्या तपासणारी. ती उठली, मला वाटलं आता घरी धाडते. तर ती चक्क माझ्यासमोर मांडी घालून बसली, एक पान वळायला घेतलं आणि टर्रकन फाटू दिलं.

"बघ, माझं पण फाटतं. तू काय करती, सांग की बेटा."

चेष्टा करते का खरंच विचारते, कळेना. मुकादमीण कधी सोळा वर्षांच्या पोरीला विचारते का?

"खाला, मी पाण्यात नाही बुडवत. फडक्यात गुंडाळून माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवते. आई खायची नागवेलीची पानं विकायची, ती तशीच ठेवायची."

"ऐकलं का कुसाबाई? उद्यापासून वाळू आणा."

मग रोज सकाळी जैतुनबी विचारायची, नव्या पोरींना आधी, "अजून काय येतं कुणाला?" कुसाबाईनंसुद्धा इतकी वर्षं लपवलेली दोऱ्याची गाठ दाखवली. बाद विड्या जवळजवळ थांबल्या.

हे शेठच्या कानावर गेलं. "मुकादमीणच पोरीकडून शिकते, मग ती कशाला? उद्यापासून चिमणा बघेल."

मी नको म्हणाले, का म्हणालेच नाही, धड आठवत नाही. बाकी सगळं रंगवून सांगते, एवढंच जमत नाही. माझ्यामुळं तिचं भलं झालं का वाटोळं, हेही अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जैतुनबी आली आणि रांगेत शेवटी, नव्या पोरींशेजारी बसली. दुपारी तिनं विड्यांचं सूप माझ्यापुढं ठेवलं.

"तपासा, मुकादमीणबाई."

आवाजात टोमणा नव्हता. मी वरवर हात फिरवून सूप परत सरकवलं.

"असं नाही," ती हळूच म्हणाली. "एकेक बघायची."

आणि शेवटची विडी बघून होईस्तोवर ती तशीच उभी राहिली.