दोरा कोणी तोडला?

मित्रांनो, आता माझा पारा वर चढत नाही. सेनगाव तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्याच्या कपाटात, सलाइनच्या रिकाम्या खोक्यांमागे मी पडून आहे. मी एक जुना रक्तदाबमापक. त्या नावानं मला कधी कोणी हाक मारली नाही. सगळे 'बीपीचं मशीन' म्हणायचे.

राखाडी पत्र्याची पेटी, काचेची नळी, एक कापडी पट्टा आणि एक रबरी फुगा, एवढाच माझा संसार. कारखान्यातून निघालो तेव्हा मी चकचकीत होतो. हिंगोलीहून जीपमधून इथं आलो आणि त्याच महिन्यात निलम राठोड सिस्टर नोकरीवर रुजू झाल्या. त्या जवळच्याच तांड्यातल्या. माझं झाकण कोणी आपटलं, तर त्या भांडायला उठत. "काच हाय ती, पोरींनो. पारा सांडला तं गोळा करता येत न्हाई."

वीस वर्षं मी दंडांना मिठी मारली. नुसता दंड हाती आला, असं क्वचितच झालं. कोणाच्या बाहीखाली ताईत असे, कोणाला काळा गंडा, कोणाला देवीचा लाल दोरा. तांड्यातल्या म्हाताऱ्यांचे चुडे तर दंडापर्यंत असत. निलम सिस्टर दोन बोटांनी ते हळूच वर सरकवत. "काढत न्हाई, फकस्त सरकवते हं," असं म्हणत आणि मगच पट्टा बांधत. उपास असलेल्या बाईला त्या ओरडत नसत. गोळीची वेळ बदलून घेत. नमाजाला बसलेल्या नातेवाइकाला वळसा घालून जात.

या सगळ्यानं माणूस थकतं, मित्रांनो. ते थकणं माझ्या पाऱ्यावर दिसत नाही.

सहा वर्षांपूर्वी कळमनुरीहून नुसरत शेख सिस्टर बदलून आल्या. त्यांचा हात इतका हलका, की सुई टोचली तरी लेकरू रडायचं विसरे. पण काही लोक आधी आडनाव विचारत आणि मग म्हणत, "मोठ्या सिस्टरला बलवा." निलम सिस्टर उठून जात. वाद घालण्यापेक्षा उठून जाणं सोपं होतं. नुसरत सिस्टर ट्रे खाली ठेवून दुसऱ्या खाटेकडे वळत. दुपारी दोघी एकाच डब्यात जेवत आणि त्या गोष्टीविषयी काही बोलत नसत.

मग सोयाबीन काढणीच्या दिवसांतली ती दुपार आली. निलम सिस्टर आदल्या दिवसापासून ड्युटीवर होत्या, कारण तिसरी सिस्टर रजेवर होती. डॉक्टर हिंगोलीला मीटिंगला गेले होते. आतल्या खोलीत एक बाई बाळंतपणाच्या कळा देत होती. तेवढ्यात तांड्यावरून पुजाला आणलं. पहिलटकरीण, आठवा महिना. डोकं फुटतंय म्हणत होती. तोंड सुजलेलं, हातपाय सुजलेले. तिच्या दंडावर काळा दोरा होता आणि तो मांसात रुतला होता.

निलम सिस्टरनी दोन बोटं घातली. दोरा सरकेना. पट्टा नीट बसेना. आतली बाई ओरडली. सिस्टरनी खिशातली कात्री काढली, दोरा कापला आणि ट्रेमध्ये टाकला. विचारलं नाही, सांगितलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

पट्टा बसला. पारा चढत गेला. वरचं एकशे सत्तर, खालचं एकशे दहा. मला माझीच भीती वाटली.

डॉक्टरांनी फोनवरून इंजेक्शन सांगितलं आणि पुजाला ताबडतोब हिंगोलीला न्या म्हणाले. नुसरत सिस्टरनी इंजेक्शन दिलं. निलम सिस्टर आतल्या बाईकडे धावल्या. पुजासोबत नुसरत सिस्टर जाणार असं ठरलं. दवाखान्याची गाडी दारात लागली, उकंडराव ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं. नुसरत सिस्टर ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि पुजाच्या सासूनं, जमनाबाईनं, ट्रेमधला तुटका दोरा पाहिला.

"ह्यो दोरा काहून तोडला?" ती ओरडली. "तुला आमचा देव चालत न्हाई का?"

"मी न्हाई तोडला, मावशी."

"तुझ्याच हातात हाय की!"

पुजाचा नवरा जगन पुढं आला. ओट्यावर बसलेले लोक उठले. कोणीतरी मोबाइल वर धरला. "मुद्दाम केलं हिनं," एक जण म्हणाला. तो पुजाचा कोणीच नव्हता, खोकल्याचं औषध न्यायला आला होता. जगन म्हणाला, "ही गाडीत बसणार असंल, तं आमची बाई जाणार न्हाई."

पुजा स्ट्रेचरवर डोळे मिटून पडली होती. तिच्या पायाशी मी होतो.

गलका ऐकून निलम सिस्टर दाराशी आल्या. त्यांनी ट्रे पाहिला, मोबाइल पाहिला. तांड्यातली सगळी ओळखीची तोंडं पाहिली. आणि त्या गप्प राहिल्या. तेवढ्या वेळात मी दोनदा बीपी मोजलं असतं. नुसरत सिस्टर त्यांच्याकडे बघत होत्या.

"दोरा मी तोडला," निलम सिस्टर म्हणाल्या.

जमनाबाईला खरं वाटेना. "तू? आपल्या तांड्याची असून?"

"व्हय, मीच. दोरा रुतला व्हता, पट्टा बसंना. तुमाला इचारायला पायजे व्हतं. न्हाई इचारलं, चुकलं माझं. काय बोलायचं ते मला बोला, मी इथंच हाय. पण पोरीला झटके आले तं ती वाटंतच जाईल. नुसरतसंगं पाठवा. माझ्यापेक्षा तिचा हात चांगला हाय."

मोबाइलवाल्यानं हात खाली घेतला. जमनाबाई स्ट्रेचरजवळ आली. मग सुनेच्या कपाळावर हात ठेवला आणि जगनला म्हणाली, "उचल."

मी नुसरत सिस्टरच्या मांडीवर बसून हिंगोलीला गेलो. वाटेत चारदा मोजलं. जमनाबाई दोऱ्याची दोन टोकं पुजाच्या मनगटावर बांधू पाहत होती, पण खड्ड्यांनी गाठ बसेना. नुसरत सिस्टरनी दोऱ्यावर बोट दाबून धरलं. जमनाबाईनं गाठ मारली. आभार मानले नाहीत, पण पुढच्या वेळी पट्टा बांधताना सुनेची बाही तिनंच वर केली.

ऑपरेशन झालं. मुलगी झाली, दोन किलोची. दोघी वाचल्या.

गोष्ट इथं संपली असती, तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी नुसरत सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, तुमी खरं बोललात. पण उशीर लावलात."

निलम सिस्टर म्हणाल्या, "व्हय. लावला."

त्या दिवसापासून दोघींचे डबे वेगळे झाले. तांड्यावर निलम सिस्टरना लग्नाची आमंत्रणं यायची कमी झाली. त्यांनी कोणाकडे तक्रार केली नाही. एक गोष्ट मात्र बदलली. पुढच्या आठवड्यात एका म्हाताऱ्यानं आडनाव ऐकून हात मागं घेतला आणि मोठ्या सिस्टरला बोलवायला सांगितलं. निलम सिस्टर खुर्चीतून उठल्या नाहीत. "बाबा, त्याच बघतील," एवढंच म्हणाल्या. म्हातारा कुरकुरला, आणि त्यानं हात पुढं केला. नुसरत सिस्टरनी मोजलं, आकडा लिहिला. मग जाता जाता एक खुर्ची ओढून त्या निलम सिस्टरजवळ बसल्या.

पुढं बॅटरीवर चालणारं नवं मशीन आलं. पाऱ्याची मशीनं वापरायची नाहीत असा कागद आला आणि मी कपाटात गेलो. मला त्याचं फार वाईट वाटत नाही. थकलो होतो.

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, मला दुरुस्तही करू नका. पण दवाखान्यात गेलात, आणि समोरच्या सिस्टरचे डोळे जड दिसले, तर आडनाव मागाहून विचारा. आधी विचारा, ताई, जेवलात का?