रजईखालचा पंखा

मित्रांनो, जरा जवळ सरका, कारण जोरात बोलायचं मी आता सोडलंय! मी एक जुना पंखा आहे. छताला लटकतो तो नाही बरं का, आणि टेबलावर मान हलवत बसतो तोही नाही. मी राहतो कॉम्प्युटरच्या पेटीत, थेट प्रोसेसरच्या डोक्यावर! प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. तो विचार करायला लागला की तव्यासारखा तापतो. मग माझ्या तांब्याच्या नळ्या त्याची उष्णता वर ओढतात, पातळ पत्र्यांच्या चवडीत पसरवतात, आणि मी फूऽ फूऽ करून ती बाहेर घालवतो. बस, एवढंच माझं काम. पण एवढंच म्हणजे केवढं, ते ऐका तर खरं!

कारखान्यात मी तयार झालो तेव्हा एका बाईंनी मला टिचकी मारून फिरवलं, कानाशी धरलं आणि म्हणाल्या, "शहाणं आहे हे, आवाज करत नाही." माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! मग खोक्यात बसून मी या घरी आलो. ताई आणि तिचा दादा, दोघांनी जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर जोडला. त्याची उष्णता माझ्यापर्यंत नीट पोचावी म्हणून दादा प्रोसेसरवर पांढरी पेस्ट लावत होता, तेव्हा आई म्हणाली, "अरे, त्याला दात कुठे आहेत?" सगळे खो खो हसले. मला ते घर तिथेच आवडलं.

पुढे ताईला एक काम मिळायची वेळ आली. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी एक संस्था पुस्तकं रेकॉर्ड करते. तिथे वाचणारी व्हायचं, हे ताईच्या मनात कधीचं होतं. तिनं एक अख्खी गोष्ट रेकॉर्ड करून पाठवली, आणि ती परत आली! "तुमचं वाचन गोड आहे, पण मागे सतत घूं घूं येतंय. पुन्हा एकदा पाठवा. या वेळीही तसंच आलं तर दुसऱ्या कुणाला घ्यावं लागेल."

घूं घूं म्हणजे मी, मित्रांनो. मीच!

अहो, पण माझ्या अंगावर धुळीचा थर बसला होता. पेटीचं झाकण लावल्यापासून कुणी मला पाहिलंच नव्हतं. त्यात आईला लेकीची दया आली. तिनं जाडजूड रजई आणून अख्ख्या कॉम्प्युटरवर घातली. "घे, आता याचा आवाज कोंडला." आणि खरंच, थोडा वेळ सगळं शांत! ताईनं आईचा गालगुच्चा घेतला.

पण आत काय चाललं होतं? गरम हवेला बाहेर पडायला वाटच नाही. तीच हवा मी पुन्हा पुन्हा फिरवतोय. प्रोसेसर तापला, म्हणून मी जोरात फिरलो. मी जोरात फिरलो, म्हणून आवाज वाढला. आवाज वाढला, म्हणून आईनं वरून दुसरी रजई घातली! मी ओरडतोय आणि आई पांघरूण घालतेय, मी ओरडतोय आणि आई पांघरूण घालतेय!

"हा पंखा म्हातारा झालाय," दादा म्हणाला. "आपण पाण्याचा कूलर आणू. पाणी नळ्यांतून फिरतं, उष्णता घेऊन जातं. एकदम गार, एकदम गप्प."

"विजेच्या वस्तूत पाणी?" आई दचकली. "तुम्ही दोघं घर जाळणार माझं!"

"अगं आई, नळ्या बंद असतात. सांडत नाही ते."

"सांडत नाही म्हणे! तुझ्या हातात पाण्याचा पेला दिला तरी सांडतो."

तरी पाण्याचा कूलर आलाच. दादानं मला काढून टेबलावर ठेवलं. तो नवा किती देखणा, म्हणून सांगू! काळ्याभोर नळ्या, प्रोसेसरवर बसणारा छोटासा पंप, आणि पेटीच्या छताला लावलेली लांबट जाळी, तिच्यावर दोन पंखे. मी गुपचूप बघत होतो. मनात म्हटलं, संपलं आपलं.

ताई वाचायला बसली. आईनं सवयीनं रजई घातली. आणि थोड्याच वेळात तो नवाही बोंबलायला लागला!

"हा पण?" दादानं डोक्याला हात लावला.

ताईनं कानांवरचे हेडफोन काढले. रजईखाली हात घातला आणि झटकन मागे घेतला. "बाप रे! इस्त्री आहे की काय! दादा, पाणी उष्णता घेऊन जातं ना? कुठे नेतं?"

"वर, जाळीत."

"आणि जाळीतून?"

"बाहेर हवे..." दादाची नजर रजईवर गेली. दोघांनी आईकडे पाहिलं.

"म्हणजे मीच गं?" आईचा चेहरा एवढुसा झाला. ताईनं तिला मिठीच मारली. "तू माझ्यासाठीच केलंस ना? मला तरी कुठे कळलं!"

रजई निघाली तसा नवा पाहुणा शांत झाला. पण ताई कान टवकारून म्हणाली, "अजून बारीक चीं येतंय. पंपाचं."

"ए बडबडे, तुझे कान आहेत की मांजराचे? मला काही ऐकू येत नाही."

"मायक्रोफोनला येतं ना पण! थांब, दोघांनाही रेकॉर्ड करून बघू."

नव्याचा आवाज रेकॉर्ड करून झाल्यावर तिनं मला उचललं. रंगाच्या ब्रशनं माझी एकेक फट साफ केली. हळूच फुंकर मारली. मला इतक्या गुदगुल्या झाल्या! नवी पेस्ट लावून दादानं मला परत जागेवर बसवलं, आणि तिघंही श्वास रोखून बसले. मी मोकळ्या हवेत हळूहळू फिरलो. नुसतं वाचन रेकॉर्ड करायचं, त्यात प्रोसेसरला कसले कष्ट? त्याला माझी झुळूक पुष्कळ झाली.

दोन्ही रेकॉर्डिंग ऐकून ताई म्हणाली, "माझ्या कामाला हाच. पाण्याचा तू घे दादा. तुझा कॉम्प्युटर दिवसभर इमारतींची चित्रं काढून धापा टाकतो. त्याला मोठा गडी हवाच."

नवा दादाकडे गेला आणि तिथे खुशीत आहे. आमचं काही भांडण नाही हं! पण मित्रांनो, पाण्याचा घ्या नाहीतर वाऱ्याचा घ्या, आम्हाला श्वास घेऊ द्या. कोंडू नका, झाकू नका, अधूनमधून कॉम्प्युटर बंद करून आमची धूळ झटका. आम्ही ओरडलो तर लगेच म्हातारा म्हणू नका, आधी एकदा हात लावून बघा.

ताईनं गोष्ट पुन्हा वाचून पाठवली. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मी तिच्याजवळच होतो, फिरत होतो. संस्थेचं उत्तर आलं तेव्हा तिनं ते आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. "या वेळी फक्त तुमचाच आवाज आला. पुढचं पुस्तक कधी सुरू करताय?"

फक्त तिचाच, मित्रांनो! मी कुठ्ठेच नाही!